चपलेचा तळ काय सांगतो?

मुलांनो, मोठी माणसं बोलताना तुम्ही कधीतरी ऐकलं असेल, "खेटे घालून घालून चपला झिजल्या, पण काम काही झालं नाही!" 'जोडे झिजवणे' हा वाक्प्रचार तुमच्या व्याकरणाच्या वहीतही असेल. अर्थ सोपा आहे. एखाद्या कामासाठी पुन्हा पुन्हा हेलपाटे मारणे. पण चप्पल झिजते म्हणजे नेमकं काय होतं, याचा विचार केलाय कधी? नवी आणली तेव्हा बोटभर जाड असलेला तळ वर्षभरात पुठ्ठ्यासारखा पातळ होतो. मग मधला तो भाग गेला कुठं? कुणी कापून तर नेला नाही!

आता एक करा. वाचता वाचताच उठा आणि दारातली आपली चप्पल उलटी करून बघा. आजी रागावेल, "उलटी चप्पल ठेवू नये रे, घरात भांडणं होतात!" तिला सांगा, "आजी, अभ्यास चाललाय, लगेच सुलटी करतो." बघितलंत? टाचेकडचा भाग जास्त झिजलेला दिसेल, त्यातही बाहेरची कड. पंजाखालच्या रेषा पुसट झालेल्या असतील. मधल्या भागातली नक्षी मात्र अजून नव्यासारखी. म्हणजे चप्पल सगळीकडे सारखी झिजत नाही. तिच्या तळावर आपल्या चालण्याचं, कामाचं आणि आपल्या जमिनीचंही सगळं लिहून ठेवलेलं असतं. ते वाचायचं कसं, तेच आज पाहू.

खोडरबराची गोष्ट

तुमच्या कंपासपेटीत खोडरबर असतो ना? मऊ खोडरबर छान खोडतो, पण लवकर संपतो. त्याचा चुरा वहीभर होतो. कडक खोडरबर महिनोन्‌महिने पुरतो, पण कागदावरून नुसता घसरतो आणि अक्षराचा काळा डाग करून ठेवतो.

चपलेचा तळ म्हणजे मोठा खोडरबरच! जमीन म्हणजे वही. आपण पाऊल टाकलं की तळ आणि जमीन यांच्यात घर्षण होतं. घर्षण नसतं तर आपण केळ्याच्या सालीवर पाय पडल्यासारखे घसरलो असतो. पण घर्षणाची किंमत द्यावी लागते. दर पावलाला तळाचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात आणि रस्त्यावर, मातीत पडून राहतात. आपल्या चपलेचा हरवलेला भाग असा वाटेवर सांडलेला असतो.

यातून एक पेच तयार होतो. मऊ तळ जमीन घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. कडक तळ टिकतो, पण ओल्या फरशीवर किंवा शेवाळलेल्या दगडावर दगा देतो. घट्ट पकडही हवी आणि टिकाऊपणाही हवा, ही ओढाताण चपला-बूट बनवणाऱ्या प्रत्येकापुढे असते. म्हणून 'सगळ्यात चांगली चप्पल कोणती?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी विचारायचं, 'कुठं चालायचंय आणि कोणतं काम करायचंय?'

एक एकर म्हणजे किती चालणं?

आपण शाळेत जाऊन-येऊन दोन-तीन किलोमीटर चालतो. शेतात काम करणारा माणूस किती चालतो? चला, गणित करू.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच सुमारे ४,०४७ चौरस मीटर. लातूर-नांदेडकडं सोयाबीन पुष्कळ. त्याच्या दोन ओळींत साधारण ४५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. बैलाच्या कोळप्यामागं एकेका ओळीतून माणूस चालत गेला, तर एक एकर कोळपायला किती चालावं लागेल? ४,०४७ भागिले ०.४५. उत्तर येतं सुमारे ९,००० मीटर, म्हणजे ९ किलोमीटर! वळणं आणि घरून शेतापर्यंतची वाट वेगळीच.

नांगरणीचं गणित तर याहून मोठं. बैलांच्या नांगराचं एक तास २० सेंटिमीटर रुंद धरा. मग एक एकर नांगरायला ४,०४७ भागिले ०.२०, म्हणजे २० किलोमीटरहून जास्त चालावं लागतं. आता ट्रॅक्टर आले, म्हणून हे चालणं पुष्कळ कमी झालं. पण कोळपणी, फवारणी, खुरपणी, कापूस वेचणी, पाण्याची पाळी ही कामं अजून पायांवरच चालतात.

एक पाऊल ६० सेंटिमीटरचं धरलं, तर ९ किलोमीटरला १५,००० पावलं होतात. म्हणजे एकेका चपलेला ७,५०० वेळा जमिनीवर टेकायचं आणि दरवेळी अंगाचा सगळा भार झेलायचा. तोही पाठीवर फवारणीचा पंप किंवा डोक्यावर भारा असला तर वाढलेला! आता सांगा, दारातल्या चपलांच्या रांगेत जास्त कष्ट कुणाची चप्पल करते?

नांगरलेल्या मऊ रानात बरेच जण चपला बांधावर काढून अनवाणीच काम करतात, कारण ढेकळांची माती पाय आणि चप्पल यांच्यामध्ये शिरते आणि चालणंच अवघड होतं. म्हणजे चप्पल असूनही उपयोगी पडत नाही, अशीही वेळ येते. का येते? त्यासाठी आपल्या जमिनीकडं बघावं लागेल.

तीन ऋतूंची तीन संकटं

भूगोलात तुम्ही शिकलात, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि त्यातून काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट तयार झाला. लातूर जिल्ह्याचा बहुतेक भाग आणि नांदेड जिल्ह्याचाही पुष्कळ भाग याच कातळावर वसलाय. तो झिजून, कुजून त्याचा मुरूम झाला आणि काळी माती झाली. नांदेडच्या पूर्वेला देगलूर, बिलोलीकडं गेलात तर कातळ बदलतो. तिथं ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे दिसतात. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी साध्या चाकूच्या पात्याहूनही कठीण असते. अशी खरखरीत वाट म्हणजे चपलेच्या तळाला जणू पॉलिश पेपरच!

आता ऋतू बघा.

पावसाळ्यात काळी माती पाणी पिऊन फुगते. तिच्यातल्या बारीक चिकणमातीचा तो गुणच आहे. चार पावलं टाकली की चपलेला चिखलाची दुसरी चप्पल चिकटते. पाय उचलावा तर माती सोडत नाही. मग तुटतो तो चपलेचा तळ नव्हे, तर अंगठा किंवा पट्टा. आठवून बघा, तुमच्या चपलेचा अंगठा बहुतेक पावसातच तुटलाय ना?

हिवाळ्यात खरिपाची पिकं निघतात आणि रानात उरतात धसकटं. सोयाबीनचं किंवा तुरीचं धसकट विळ्यानं तिरकं कापलेलं, म्हणजे जमिनीतून वर आलेला खिळाच समजा. ते मऊ फोमच्या चपलेतून सरळ आत घुसतं. जोडीला बाभळीचे काटे आणि सराटे आहेतच.

उन्हाळ्यात माती भेगाळते, ढेकळं दगडासारखी होतात आणि मुरूम उघडा पडतो. नांदेडचा पारा मे महिन्यात ४२-४३ अंशांवर चढतो, तेव्हा उन्हातला डांबरी रस्ता ६० अंशांच्याही पुढं तापू शकतो. तापलेलं रबर मऊ पडतं, चिकटवलेले थर सुटू लागतात आणि झीज वाढते.

म्हणजे पावसात पट्टा तुटतो, हिवाळ्यात तळाला भोक पडतं आणि उन्हाळ्यात तळ झिजतो. तिन्ही संकटांना एकच चप्पल पुरी पडणं अवघडच!

बाभळीच्या सालीपासून टायरपर्यंत

मग पूर्वीची माणसं काय घालत होती? गावात बलुतेदार चर्मकार असायचे. ते शेतकऱ्यांच्या वहाणा शिवून द्यायचे, चामड्याची मोट दुरुस्त करायचे आणि सुगीला त्यांना धान्याचं बलुतं मिळायचं. कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा वापरत. या झाडांतल्या तुरट द्रव्यानं कातडं कुजत नाही आणि घट्ट होतं. कोल्हापुरी चप्पल अजूनही अशाच कमावलेल्या चामड्याची असते. तिला खिळा नसतो, शिवणही चामड्याच्याच वादीनं घालतात. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या मिळून आठ जिल्ह्यांच्या नावे तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण चामड्याला पाणी सोसत नाही. भिजलं की ते फुगतं, वाळलं की ताठरतं. म्हणून त्याला तेल पाजायचं आणि पावसाळ्यात ते खुंटीला टांगायचं.

रबराचंही सुरुवातीला काही खरं नव्हतं. झाडाच्या चिकापासून बनवलेलं नुसतं रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांच्या लक्षात आलं, की रबरात गंधक मिसळून ते तापवलं तर ते लवचीक राहतं आणि टिकतंही. या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. पुढं रबरात कार्बनची बारीक काजळी मिसळू लागले, तेव्हा त्याची झीज खूपच कमी झाली. टायर काळे का असतात, याचं उत्तर हेच! पहिले टायर पांढरट असायचे. काजळीनं त्यांना रंग दिला आणि आयुष्यही दिलं.

आता कळलं का, आठवडी बाजारात जुन्या टायरची चप्पल का विकत घेतात ते? गाडीला निकामी झालेला टायर माणसाच्या वजनाला मात्र भारी पडतो. त्यात काजळी मिसळलेलं रबर असतं आणि आत दोऱ्यांची जाळी असते, त्यामुळं काटा सहजासहजी आरपार जात नाही. ही चप्पल जड असते, पायाला कडक लागते, दिसायला काही खास नसते. पण टिकण्यात तिचा हात धरणारी क्वचितच!

याच्या उलट हलक्याफुलक्या फोमच्या चपला. त्यांच्या तळात हवेचे हजारो बारीक बुडबुडे असतात. म्हणून त्या कापसासारख्या वाटतात, पाण्यात तरंगतातसुद्धा. पण हवा जास्त, म्हणजे झिजायला माल कमी! शिवाय बुडबुडे दाबले जाऊन टाचेखाली खड्डा पडतो.

आणखी एक गंमत सांगते. काही बुटांचा तळ पॉलीयुरेथेन नावाच्या पदार्थाचा असतो. असे बूट कुणी 'लग्नाकार्याला घालू' म्हणून चार-पाच वर्षं खोक्यात जपून ठेवतात. एक दिवस घालून निघतात आणि वाटेतच तळाचा भुगा होतो! माणूस दुकानदाराला बोल लावतो. खरं म्हणजे हवेतल्या दमटपणानं तो तळ आतल्या आत कुजलेला असतो. तेव्हा न वापरता ठेवलं म्हणजे टिकलंच, असं नाही.

ट्रॅक्टरचं चाक आणि डोंगरातले बूट

ट्रॅक्टरचं मागचं चाक नीट बघा. त्यावर जाड, उंच, तिरप्या पट्ट्या असतात आणि दोन पट्ट्यांत भरपूर जागा. पट्ट्या चिखलात रुततात आणि पकड घेतात. चाक फिरलं की मधल्या मोकळ्या जागेतला चिखल गळून पडतो. जागा अरुंद असती तर तिथं चिखल ठासून बसला असता आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरलं असतं.

हीच युक्ती इटलीत बुटांसाठी वापरली गेली. १९३५ साली आल्प्स पर्वतात व्हिताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती मरण पावले. थंडी आणि बर्फाला न टिकणारी पादत्राणं हे त्याचं एक कारण होतं. ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि तो १९३७ पासून वापरात आला. त्या नक्षीचं इटालियन नाव होतं 'कारारमातो', म्हणजे रणगाडा! आज जगभर कामाच्या आणि डोंगर चढायच्या बुटांना अशाच खाचा असतात.

म्हणून काळ्या रानासाठी बूट घेताना खाचा खोल आणि विरळ बघाव्यात. बारीक बारीक नक्षी दुकानात छान दिसते, पण पहिल्याच चिखलात भरून जाते.

झिजलेला तळ महाग पडतो

तुम्ही म्हणाल, चप्पल झिजली तर झिजली, चालतंय की! घरातली मोठी माणसंही असंच म्हणतात. जूनमध्ये मुलांचे बूट येतात, सणाला आईची चप्पल येते आणि बाबांच्या चपलेला तार बांधून आणखी एक हंगाम निघतो. पण तळ पातळ झाला की तो करत असलेली राखण थांबते. कोणापासूनची राखण?

पहिली काट्यापासूनची. धसकटाची जखम लहान दिसते, पण खोल असते आणि तिच्यात माती, शेण शिरलेलं असतं. अशा जखमेतून धनुर्वात होऊ शकतो, म्हणून दवाखान्यात जाऊन जखम धुवायची आणि डॉक्टरांना इंजेक्शनचं विचारायचं.

दुसरी जंतांपासूनची. शाळेत तुम्हाला जंतनाशक दिनी गोळी देतात ना? त्या जंतांपैकी अंकुशकृमीची बारीक पिल्लं ओल्या मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून अंगात शिरतात. मग ती आतड्याला चिकटून रक्त पितात आणि मूल फिकट, थकलेलं दिसू लागतं. गोळी घ्यायचीच, पण पायात चप्पलही हवी.

तिसरी सापांपासूनची. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. मग आपले बाबा, काका, मामा अंधारात बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतात. पायात काय, तर झिजलेली स्लीपर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. साप बहुतेक वेळा पायालाच चावतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. नडगीपर्यंतचा गमबूट आणि हातात उजेड, एवढ्यानं यातले कितीतरी दंश टळू शकतात. आणि साप चावलाच तर जखम कापायची नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. पाय न हलवता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यायचं.

चौथी गोष्ट घरातल्या आजी-आजोबांसाठी. मधुमेहामुळं किंवा कुष्ठरोगामुळं काहींच्या तळपायाची संवेदना जाते. खडा टोचला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. अशांसाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या खास चपला असतात. आतला भाग मऊ आणि बाहेरचा तळ कडक. कुष्ठरोग्यांना त्या सरकारी योजनेतून मिळतात. अशा माणसाची चप्पल रोज झटकून, आत हात घालून बघायचं काम घरातल्या मुलांनी घ्यावं. तुमची बोटं त्यांच्या पायांचं काम करतील.

कामाचे बूट कुणाला मिळतात?

नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या एका विभागाचं मुख्य ठिकाण. रूळ तपासणारा कामगार रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी चालत बघतो. पायाखाली काळ्या दगडाची धारदार खडी. त्याला जाड तळाचे बूट लागतात आणि ते रेल्वे देते. कारखान्यातल्या सुरक्षा बुटाच्या पुढच्या भागात पोलादी टोपी असते. २०० ज्यूलचा आघात तिला सोसावा लागतो. म्हणजे काय? साधारण २० किलोचं वजन एक मीटर उंचीवरून बोटांवर पडलं तरी बोटं शाबूत राहिली पाहिजेत! हे तपासून मगच बुटावर आयएसआयची खूण येते.

पण उसाच्या फडात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर आणि स्वतःच्या शेतात राबणाऱ्याला बूट कोण देणार? बहुतेकांना आपल्याच खिशातून घ्यावे लागतात, आणि तिथंच हात आखडतो. २०१८ च्या मार्चमध्ये हजारो शेतकरी आपल्या मागण्या घेऊन नाशिकहून मुंबईला पायी गेले. ६ तारखेला निघाले आणि १२ तारखेला पोहोचले. सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे माणशी तीन लाख पावलं! वर्तमानपत्रांत त्यांच्या तळपायांचे फोटो छापून आले. कातडी सोललेली, फोड फुटलेले, काहींच्या चपला वाटेतच तुटलेल्या. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिलं, खायला दिलं आणि चपलासुद्धा आणून दिल्या. त्या फोटोंनी शहरातल्या माणसांना पहिल्यांदा शेतकऱ्याच्या चपलेचा तळ दाखवला.

हप्त्यानं घेतलेला टिकाऊपणा

आता पुन्हा एक गणित. हे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत.

समजा, एक चप्पल १८० रुपयांची आहे आणि ती ३०० किलोमीटर टिकते. मग दर किलोमीटरला खर्च किती? ६० पैसे. दुसरी ४५० रुपयांची आहे, पण ती १,५०० किलोमीटर टिकते. खर्च ३० पैसे. म्हणजे महागडी चप्पल निम्म्या खर्चात पडली. पण एकदम ४५० रुपये काढायचे कुठून? मग तिसरा मार्ग बघा. १८० रुपयांच्या चपलेला ४० रुपयांत टायरचा तुकडा लावून घेतला आणि ती आणखी ३०० किलोमीटर चालली. २२० रुपयांत ६०० किलोमीटर. खर्च सुमारे ३७ पैसे! गरिबाला टिकाऊपणा असा हप्त्यानं विकत घेता येतो. तो हप्ता जातो झाडाखाली रापी, आरी, हातोडी आणि लोखंडी ऐरण घेऊन बसलेल्या कारागिराकडं.

उसाच्या गाडीचे बैल डांबरी रस्त्यावर चालतात, तेव्हा खूर झिजू नयेत म्हणून त्यांना नाल ठोकतात ना? मग माणसाच्या चपलेला का नको?

यात एक अट मात्र आहे. चप्पल दुरुस्त होण्यासारखी हवी. चामडं आणि रबर टाका धरतात. फोमला टाका घातला की तो फाटतो. म्हणून चप्पल घेताना भावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारायचा, "याला टाका बसतो का?" लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि तिथल्या बाजारात सोन्यापासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सगळं मिळतं. तिथं गेलात तर चार दुकानांत हा प्रश्न विचारून बघा. नुसत्या चेहऱ्यावरून उत्तर कळेल!

आणि एक लक्षात ठेवा. चपलेला हात लावणारं काम हलकं, असं मानणारे लोक अजूनही भेटतात. नांदेडच्या गुरुद्वारात जाऊन बघा. तिथल्या जोडाघरात भाविक दुसऱ्यांचे जोडे सेवा म्हणून हातात घेतात, नीट लावून ठेवतात. पायांची राखण करणाऱ्या वस्तूला आणि ती शिवणाऱ्या हातांना मान दिलाच पाहिजे.

करून बघा

आमच्या वर्गातल्या मुलांनी हा उद्योग आवडीनं केला. तुम्हीही करा.

१. घरातल्या प्रत्येकाच्या चपलेच्या खाचेत काडेपेटीतली काडी उभी धरा. खाच जिथं संपते तिथं काडीवर पेनानं खूण करा आणि पट्टीनं मोजा. टाच आणि पंजा दोन्हीकडं मोजून तारखेसह वहीत लिहा. दर महिन्याला पुन्हा मोजा.

२. कुणाची चप्पल सगळ्यात लवकर झिजते? त्या व्यक्तीचं दिवसभरातलं चालणं किती, कुठं आणि कशावरून, ते विचारून लिहा.

३. दोन्ही पायांच्या चपला सारख्या झिजल्यात का? एकच खूप जास्त झिजत असेल, तर त्या माणसाचा पाय, गुडघा किंवा कंबर दुखते का, तेही विचारा. दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगा.

४. चप्पल बदलायची किंवा दुरुस्त करायची वेळ ओळखा. खाचा नाहीशा झाल्या, तळ वाकवल्यावर भेगा दिसल्या, आतला दुसऱ्या रंगाचा थर बाहेर आला किंवा पायाखालचा खडा टोचू लागला, तर आता थांबायचं नाही.

५. चपलांची निगा ठेवा. चिखल वाळायच्या आत धुऊन टाका. भिजलेले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा. चामड्याला अधूनमधून तेल लावा. आणि गमबूट घालण्याआधी उलटा करून झटका, आत विंचू असू शकतो!

पालकांनाही एक विनंती आहे. मुलांनी वही आणून दाखवली, की हसून सोडून देऊ नका. त्या वहीत बहुतेक वेळा सगळ्यात पातळ तळ तुमच्याच नावापुढं लिहिलेला असेल. तळाचं काम झिजायचं आहे, पायाचं नाही. तळ संपला की झिजायची पाळी पायावर येते आणि पायाला टायरचा तुकडा लावता येत नाही. पुढच्या आठवडी बाजाराच्या यादीत मीठ-मिरचीच्या खाली एक ओळ लिहा. कुणाची चप्पल ते तुमच्या मुलांना ठरवू द्या. त्यांनी मोजलंय!